शेवटचा इंच आधी वाजवणारं दुकान
जुनी रेकॉर्ड दाखवायची म्हटलं की सगळे पिन काठावर टेकवतात. सांगलीतले हे काका लेबलाच्या अलीकडे बोटभर अंतरावर टेकवतात आणि गप्प उभे राहतात. मला त्यांचं दुकान आवडलं ते या एका सवयीमुळे.

दुकान तसं रेडिओ-मिक्सर दुरुस्तीचं, गणपती पेठेजवळच्या एका बोळात. पाटी नाही. आत एका भिंतीला तीन-चारशे एलपी, म्हणजे बारा इंची मोठ्या रेकॉर्ड, उभ्या लावल्यात, आणि व्हायोलिनच्या त्यांनी वेगळ्या काढल्यात. मी मध्यमा परीक्षेपर्यंत व्हायोलिन शिकलेली, पुढे संसारात वाद्य माळ्यावर गेलं. त्यामुळे हा कप्पा दिसल्यावर मी तिथून हललेच नाही.

शेवटचा इंच का, तर रेकॉर्डचे मिनिटाला फेरे तेच ३३ १/३, पण काठाशी पिनखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर रेघ सरकते आणि लेबलापाशी जेमतेम २०. तेवढेच सूर कमी जागेत कोंबलेले. पेटी-तबला निभावून नेतात. व्हायोलिनचा तारसप्तक मात्र लगेच चिरकतो. आणि आपल्या वादकांचं द्रुत, म्हणजे शेवटचं वेगवान वादन, नेमकं तिथेच येतं! आधीच्या मालकानं बोथट पिन वापरली असेल तर तेही तिथेच कळतं.

मी व्हायोलिनवादक व्ही. जी. जोगांची एक एलपी काढली होती. जोग १९२२ साली वाईत जन्मले, म्हणजे आमच्या शेजारचेच, म्हणून जरा जास्त जीव. किंमत सांगितली नऊशे. दुसऱ्या बाजूचा शेवट लावल्यावर काका म्हणाले, "ताई, इथं फाटतंय. सहाशेला घ्या, नाहीतर राहू द्या." मी घेतली. खरंच फाटतं, पण पहिल्या बाजूचा आलाप इतका स्वच्छ आहे की सहाशे वसूल.

धुण्याचं काम तर त्याहून चांगलं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा खणभागातल्या आमच्या घरात बाबांची रेकॉर्डची पेटी पाण्यात होती. एलपीला पाण्याचं काही होत नाही, पण कव्हरांचा लगदा झाला आणि रेघांत गाळ बसला. मी इतकी वर्षं ती पेटी उघडलीच नव्हती. काकांनी १९ एलपी धुऊन दिल्या, एकीचे साठ रुपये. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश रेघेच्या दिशेनंच, मग पुन्हा साधं डिस्टिल्ड वॉटर आणि सावलीत उभ्या वाळवणं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दोन जुन्या तबकड्यांना मात्र स्पिरिटचा बोळासुद्धा लावू दिला नाही. त्या लाखेच्या, स्पिरिटात लाख विरघळते. मी घरी तेच करणार होते.

पेटीतच व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राखची, मेलोडिया या रशियन कंपनीची एक एलपी होती. बाबा ती रविवारी दाढी करताना लावायचे. कव्हर गेलं, लेबलावरची अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण पहिला बो पडला आणि मला थेट साबणाचा वास आला.

आता तक्रारी. आठ दिवस सांगून तीन आठवडे लावले. भाव तोंडी, बिल मागितलं की कागदाचा चिटोरा. व्हायोलिनवादक एन. राजम यांचं कव्हर बघून एक घेतली, घरी उघडली तर आत सिनेमाची गाणी. बदलून दिली, पण रिक्षाचे पैसे माझेच गेले. आणि सगळ्यात खटकलं ते म्हणजे दारातच मांडलेले ते सुटकेसवाले नवे प्लेअर. त्यांच्या पिनेचा भार चांगल्या प्लेअरच्या दुप्पट-तिप्पट, चांगल्याचा असतो दीड-दोन ग्रॅम. जास्त भारानं रेघ झिजते. एवढ्या निगुतीनं रेकॉर्ड धुणाऱ्या माणसानं हे विकावं? विचारलं तर म्हणाले, "दुकानाचं भाडं त्यावरच निघतं." यावर मी काय बोलणार.

एक ते पाच दुकान बंद असतं. रोख न्या. आणि मोठी कापडी पिशवी न्या. तिथली कॅरीबॅग बारा इंचांना पुरत नाही, एसटीत कव्हरचे कोपरे दुमडतात.