दसऱ्याला घरच्यांना घेऊन जायचं तर कोल्हापूर की म्हैसूर?

गणपती उठले की ओळखीपाळखीतून हा प्रश्न येतोच. एकदा तरी म्हैसूरचा दसरा दाखवायचा आहे, पण आई म्हणते अंबाबाईला जाऊ. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो आहोत, म्हणून पुण्या-मुंबईकडच्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

हॉटेलं बघण्याआधी दोन गोष्टी तपासा. घरी घट बसतात का? नंदादीप नऊ दिवस तेवत ठेवायचा, माळ रोज बांधायची, म्हणजे घरात कुणीतरी हवंच. आणि मुलांची शाळा. कर्नाटकात शाळांना दसऱ्याची सुट्टी असते, आपल्याकडे मोठी सुट्टी दिवाळीला. दसऱ्याच्या आगेमागे आपली मुलं सहामाहीचा अभ्यास करत असतात. पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर, एका मुक्कामात होतं. म्हैसूर नऊशेच्या आसपास, चार-पाच दिवस मोडतात. बऱ्याच घरांचा निर्णय इथंच लागतो.

कोल्हापूरचा विचार करणारे बहुतेक जण दसऱ्याचाच दिवस धरतात. मी म्हणेन, ललिता पंचमी बघा. कोल्हासुराच्या वधानंतरच्या सोहळ्याचं बोलावणं आलं नाही म्हणून त्र्यंबोली रुसली आणि टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढायला अंबाबाई पंचमीला पालखीतून टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीवर जाते. तिथं कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून झुंबड उडते. एवढी मोठी देवी, पण रुसलेल्या बहिणीला भेटायला स्वतः चढ चढून जाते. मुलांना ही गोष्ट आदल्या रात्री सांगून ठेवा, मग ती पालखीकडे वेगळ्याच डोळ्यांनी बघतात. आमच्या धाकटीनं टेकडीवर पोचल्याबरोबर विचारलं होतं, "मग त्यांची कट्टी सुटली का?"

अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते, वाटेवर रांगोळ्या घातलेल्या असतात. म्हाताऱ्या माणसांना हे सोयीचं, कारण रस्त्याच्या कडेला उभं राहूनही दर्शन होतं. देवळातली रांग मात्र नवरात्रात तासन्‌तास सरकत नाही. गुडघे दुखत असतील तर मुखदर्शनावर समाधान मानावं. देवीची पूजा रोज वेगळ्या रूपात बांधतात, ती तिथूनही दिसते.

आणि मग दसरा. संध्याकाळी दसरा चौकात अंबाबाईच्या आणि भवानी मंडपातल्या तुळजाभवानीच्या पालख्या येतात, छत्रपती घराणं जुन्या मेबॅक गाडीतून येतं. सूर्यास्ताला पूजन, आरती, बंदुकीच्या फैरी, आणि त्याच क्षणी सगळा चौक आपट्याच्या पानांवर तुटून पडतो. तिकीट नाही. ज्याच्या हाताला लागेल ते त्याचं सोनं. लहान मुलं असतील तर चौकाच्या कडेला थांबा आणि पानं नंतर कुणाकडून तरी मागून घ्या. सोनं मागितल्यावर त्या दिवशी कुणी नाही म्हणत नाही.

म्हैसूरचं सगळं प्रमाणच वेगळं. राजा वडेयर यांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टणला सुरू केलेला हा उत्सव आज कर्नाटकाचा ‘नाडहब्ब’, म्हणजे राज्याचा सण आहे. आजचा राजवाडा १९१२ चा. आधीचा लाकडी वाडा १८९७ मध्ये जळाला. संध्याकाळी त्यावरचे जवळपास लाखभर दिवे एकाच क्षणी लागतात, तेव्हा हजारो माणसांच्या तोंडून एकदम ‘अहा’ निघतं. विजयादशमीला जंबो सवारी. सोन्यानं मढवलेल्या साडेसातशे किलोच्या अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती बसवून हत्ती बन्निमंटपाकडे चालत जातो. शेवटी तिथं मशालींची कवायत होते.

अडचण त्या शेवटच्या दिवसाचीच आहे. राजवाड्याच्या आवारातून मिरवणूक बघायला पास लागतो आणि तो हाती पडेपर्यंत काही खरं नसतं. रस्त्यावर जागा धरायची तर दुपारच्या उन्हात काही तास बसावं लागतं. सासूबाईंना घेऊन आम्ही ते केलं आणि मिरवणूक येईपर्यंत त्या इतक्या थकल्या की अंबारी समोरून गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटलेले होते. पुन्हा जाईन तर नवरात्राच्या पहिल्या चार दिवसांत. दिव्यांची रोषणाई दहाही दिवस असते. वनखात्याचे हत्ती आठवडे आधीच शहरात आलेले असतात आणि रस्त्यानं चालण्याचा सराव करत असतात. मुलांना तो निवांत बघता येतो. घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याचीही प्रदर्शनं असतात. चामुंडीच्या टेकडीवर गाडी जाते, हजार पायऱ्या चढायची सक्ती नाही.

प्रवासाचं बोलायचं तर गाडीनं एका दमात म्हैसूर गाठू नका, वाटेत हुबळी किंवा दावणगेऱ्याला मुक्काम करा. विमानानं बंगळूरला उतरलात तर शहराबाहेर पडल्यावर २०२३ च्या नव्या महामार्गानं दोन-अडीच तास. खर्च अर्थातच कोल्हापूरच्या कितीतरी पट. जेवणाची चिंता म्हैसूरला कमी: इडली, डोसा, भात, लहानांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालतं. कोल्हापूरला तांबडा-पांढरा मनात धरून निघाला असाल तर घरच्यांचे नऊ दिवसांचे नेम आधी विचारा.

माझा कल स्पष्ट आहे. घरी घट असतील, मुलं शाळेत असतील, आई-वडील बरोबर असतील, तर कोल्हापूर, आणि तेही पंचमी किंवा अष्टमीला. म्हैसूरला आपण डोळे भरून बघतो, पण पाहुणे म्हणूनच. कोल्हापुरात दसऱ्याला गेलात तरी मुलीच्या मुठीत स्वतः मिळवलेलं पान असतं आणि परतीच्या वाटेवर ती ते झोपेतही सोडत नाही. घरी घट नसतील आणि मुलं कॉलेजात गेली असतील, तर मात्र म्हैसूर जरूर करा.

दोन्ही हवं असेल तर तेही जमतं, कारण पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरवरूनच जातो. पहिल्या माळेला म्हैसूर गाठायचं, रोषणाई आणि हत्ती बघायचे, परतताना पंचमीला टेंबलाई. उत्तर कर्नाटकातून येताना एक वाक्य शिकून ठेवा: ‘बन्नी तगोंडू बंगारदांगे इरोण’. बन्नी म्हणजे शमी. तिची पानं देताना तिथले लोक हे म्हणतात, आपल्या ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ सारखंच. रेल्वेनं जाणार असाल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे दसऱ्याच्या गाड्यांसाठी श्रावणातच कॅलेंडर काढून बसायला हवं.