हाडाचा संसर्ग: शिरेतून औषध की तोंडाने?

मावसबहिणीचा सहा वर्षांचा मुलगा नडगीच्या हाडाच्या संसर्गाने पाच दिवस ॲडमिट आहे. पहिला एक्स-रे नॉर्मल होता, निदान एमआरआयने झालं. (एक्स-रेत बदल दिसायला १०-१४ दिवस लागतात, त्यामुळे तो नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका.) आता ताप उतरलाय, पाय टेकवतोय. डॉक्टर म्हणतात, तोंडाने औषध सुरू करू. ती धास्तावलीय: शिरेतलं जास्त जोरकस ना?

गुण दोन्हींचा येतो. फिनलंडमधल्या २०१० सालच्या अभ्यासात मुलांना दोन ते चार दिवसच शिरेतून औषध दिलं, पुढे तोंडाने. एकूण २० दिवसांच्या औषधाने ३० दिवसांइतकाच गुण आला.

त्रास मात्र सारखा नाही. सुईची जागा सुजते, पोर हात हलवू देत नाही. दंडातून नळी टाकली तर ती तुंबते, तिथूनच नवा संसर्ग शिरू शकतो. वर खाटेचं भाडं आणि बुडणारी रोजंदारी. तोंडाच्या औषधाने पोट बिघडतं. डोस नेहमीपेक्षा बराच मोठा, दिवसातून तीन-चार वेळा, आणि एकही चुकवायचा नाही. हे घरच्यांना जमणार का, ते प्रामाणिकपणे ठरवा.

ताप गेलाय, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) झपाट्याने उतरतोय, औषध पोटात टिकतंय, जंतू त्या औषधाला दाद देतोय: मग तोंडाने. तान्हं बाळ, उलट्या, उरलेला पू किंवा चिवट जंतू असेल तर शिरेतूनच. हाडाच्या टीबीला हे गणित लागू नाही, तिथे उपचार कित्येक महिने चालतात.