ठरलेल्या तारखा की मोजलेले दिवस?

घटस्फोटानंतर आई ठाण्यात आणि वडील दिल्लीत असले, की नाताळच्या सुट्टीत मूल कोणाकडे राहणार हा कागदावर सुटलेला प्रश्न धुक्यामुळे पुन्हा उभा राहतो. डिसेंबर-जानेवारीत तिकडची विमाने रद्द होतात, गाड्या कित्येक तास रखडतात, आणि ठाण्याच्या सौम्य थंडीत बसून त्याची कल्पना येत नाही.

संमतिपत्रात (दोघांनी मान्य केलेल्या आणि न्यायालयाच्या आदेशाचा भाग झालेल्या अटींत) '२५ ते ३१ डिसेंबर' अशा नेमक्या तारखा लिहिल्या, तर अबोला धरलेल्या पालकांनाही ते सोयीचे पडते. मात्र विमान रद्द झाले, तर वडिलांचे दोन दिवस बुडतात आणि ३१ तारखेला परतीचे विमान अडकले, तर आईच्या दृष्टीने तो आदेशभंग ठरू शकतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ नुसार मुलाच्या ताब्याचा आदेश बदलून घेता येतो, पण धुक्यासाठी न्यायालयात धावणार कोण? (त्या दिवसांत अनेक न्यायालयांनाही नाताळची सुट्टी असते.)

'सलग सात रात्री, बुडालेल्या रात्री उन्हाळी सुट्टीत भरून द्याव्यात' ही रचना मला अधिक न्याय्य वाटते. तीत विमान रद्द झाल्याचे कळवायचे कोणी आणि नव्या तिकिटाचा वाढीव खर्च कोणाचा, हे आधीच लिहावे लागते, कारण हवामानामुळे रद्द झालेल्या विमानाचे पैसे परत मिळाले, तरी नुकसानभरपाई मिळत नाही. पुरावा म्हणून विमान कंपनीचा संदेश पुरेसा मानावा. परस्परांवर एवढाही विश्वास नसेल, तर तारखाच बऱ्या. फक्त परतीनंतर शाळा उघडेपर्यंत दोन दिवस मोकळे ठेवावेत.