चित्र काळं-पांढरं येतंय म्हणून कन्सोल दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा

जपानहून मागवलेला सुपर फॅमिकॉम (निन्टेन्डोचा जुना व्हिडिओ गेम कन्सोल) पहिल्यांदा टीव्हीला जोडला तेव्हा आवाज स्वच्छ आला, चित्रही स्थिर आणि रेखीव आलं. फक्त रंग नव्हता. आकाश करडं, गवत करडं, सगळंच करडं. इतकं जुनं यंत्र, प्रवासात काहीतरी हललं असणार असं मी धरून चालले आणि दुसऱ्याच दिवशी ते एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

त्याने कन्सोल उलटसुलट करून पाहिला आणि टीव्हीला न लावताच सांगितलं, "ताई, कलरचा आयसी गेलाय. जुन्या मशीनला हाच त्रास. मिळत नाही कुठे, पण मी मिळवतो." आयसीचे पैसे आधी घेतले. तीन आठवड्यांनी मला बोलावलं, त्याच्या टीव्हीवर लावून दाखवलं. रंग अगदी छान! मी मजुरी दिली, घरी आले, जोडलं, तर पुन्हा करडं. फोन केला तेव्हा म्हणाला, "तुमचा टीव्ही पालचा आहे, त्याला कन्व्हर्टर लागतो." (पाल ही आपल्याकडच्या टीव्हीची सिग्नल पद्धत.) मग त्याचे वेगळे पैसे. काळा प्लॅस्टिकचा डबा, एका बाजूला पिवळं सॉकेट, दुसऱ्या बाजूलाही पिवळं सॉकेट, वर हिरवा दिवा. दिवा लागला, रंग आला नाही.

त्या रात्री मी डबा उघडला. या सॉकेटपासून त्या सॉकेटपर्यंत सरळ एक वायर. शेजारी पॉवरच्या वायरीला एक रेझिस्टर आणि तो दिवा. दुसरं काहीही नाही. मग कन्सोलही उघडला. व्हिडिओची चिप जागेवर होती. तिच्या पायांच्या मधोमध धुळीचा जुना, चिकट थर होता, आणि सगळ्या पायांचं सोल्डर कारखान्यात झालेलं, एकसारखं. चिप बदलली असती तर ती धूळ तिथे राहिलीच नसती. तिला कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

यंत्रात काही बिघाड नसताना रंग का जातो, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर यातलं काहीच घडलं नसतं. जपानी आणि अमेरिकन कन्सोल एनटीएससी पद्धतीचा सिग्नल देतात: चित्राच्या ५२५ ओळी, त्या अर्ध्या-अर्ध्या करून सेकंदाला जवळपास ६० वेळा. पालमध्ये ६२५ ओळी आणि ५० वेळा. अमेरिकेत १९५३ साली रंगीत एनटीएससीला मान्यता मिळाली तेव्हा घरोघरी काळे-पांढरे संच होते, त्यांना नवं प्रक्षेपण दिसलं पाहिजे अशी अट होती. म्हणून उजेड-अंधाराचा सिग्नल तसाच ठेवून रंग त्याच्यावर एका वेगळ्या लहरीने चढवला. ही लहर एनटीएससीत ३.५८ मेगाहर्ट्झची, पालमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झची. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तिची एक छोटी खूण येते. टीव्हीला ती खूण ओळखता आली नाही, तर चित्रावर रंगांचे ओघळ दिसू नयेत म्हणून तो स्वतःच रंग बंद करतो. त्या सर्किटला नावच 'कलर किलर' आहे. म्हणजे स्वच्छ, स्थिर काळं-पांढरं चित्र ही बहुतेक वेळा कन्सोल धडधाकट असल्याचीच खूण असते.

दुरुस्तीवाल्याचा टीव्ही एनटीएससी घेत होता. माझा कन्सोल पहिल्या दिवशीच तिथे लावला असता तर पहिल्या दिवशीच रंग दिसला असता. हे त्याला माहीत होतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

माझ्या टीव्हीचा इलाज रिमोटमध्ये होता. मेनूत 'कलर सिस्टिम' कधीतरी पालवर पक्की करून ठेवलेली होती. ती 'एनटीएससी ३.५८' केली आणि आकाश निळं झालं. (तिथे 'एनटीएससी ४.४३' असाही पर्याय दिसतो. तो वेगळा. त्यावर रंग येणार नाही.)

टीव्हीत एनटीएससी नसेलच, पण मागे स्कार्ट सॉकेट (युरोपियन पद्धतीचं, २१ पिनांचं रुंद सॉकेट) असेल, तर आरजीबी केबल घ्या. तीत लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरींतून जातात, त्यामुळे ३.५८ की ४.४३ हा प्रश्नच उरत नाही. मात्र केबल विकणाऱ्याला नीट विचारा. जपानी सुपर फॅमिकॉमच्या केबलमध्ये तिन्ही रंगांच्या वायरींवर २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लागतात, पाल कन्सोलच्या केबलमध्ये ७५ ओहमचे रेझिस्टर असतात. अदलाबदल झाली की चित्राचा उजेड बिघडतो. आणि जपानी २१ पिनांचा आरजीबी प्लग दिसायला हुबेहूब स्कार्टसारखा असतो, पण आतली जोडणी निराळी आहे. तो स्कार्टमध्ये खुपसू नका, उपकरण खराब होऊ शकतं.

पाल प्लेस्टेशनवर जपानी गेम लावला की बऱ्याचदा असाच रंग जातो. त्यात रंगाची लहर मुख्य घड्याळाची (यंत्राला ताल देणाऱ्या सिग्नलची) फ्रिक्वेन्सी भागून तयार होते, आणि पालचं घड्याळ एनटीएससीच्या हिशेबाने भागलं की उत्तर ३.५८ च्या थोडं खाली येतं. तिथेही आरजीबीने काम होतं. काही वेळा तर नुसती केबल चुकलेली असते: कम्पोनंट केबलची (लाल, हिरव्या, निळ्या पिनांची) हिरवी पिन पिवळ्या सॉकेटात गेली, की फक्त उजेडाचा सिग्नल पोचतो.

खरा बिघाडही असतो, नाही असं नाही. रंगाच्या लहरीचा ताल धरणाऱ्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी सरकू शकते, चिपही जाऊ शकते. पण मग एनटीएससी घेणाऱ्या टीव्हीवरही रंग येणार नाही. म्हणून कन्सोल हातातून सोडण्याआधी दुकानातल्या एनटीएससी घेणाऱ्या टीव्हीवर, तुमच्या डोळ्यांसमोर लावायला सांगा. रंग आला, तर उचलून घरी या. नाही आला आणि दुरुस्तीला दिलाच, तर उघडल्यावर बोर्डाचा फोटो काढा आणि काढलेली जुनी चिप परत मागा. मी मागितली होती. "टाकून दिली, ताई," म्हणाला.

आता तो माझा फोन उचलत नाही. डबा मी जपून ठेवलाय. ओळखीचं कोणी 'पाल कन्व्हर्टर' घ्यायला निघालं, की आधी त्याचं झाकण उघडून ती एक वायर दाखवते.