तीन दिवसांची कार्यशाळा की वर्षभराचा कोर्स?

बडोद्याच्या दांडिया बाजारातली माझी मावसबहीण मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मेडिकलच्या शिक्षकांनी शिकवायचं कसं, याच्या प्रशिक्षणाबद्दल परवा विचारत होती, "ताई, बेसिक कोर्स झालाय, आता अ‍ॅडव्हान्स्डला नाव घालू का?"

२०१९च्या एमबीबीएस बॅचपासून कॉम्पिटन्सीवर आधारलेला अभ्यासक्रम आला. विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे यापेक्षा त्याला काय करता येतं, ते बघायचं. मास्तरांनाही नव्याने शिकणं आलंच.

बेसिक कोर्स तीन दिवसांचा. उद्दिष्टं कशी लिहायची, ओस्की (एकेका स्टेशनवर प्रत्यक्ष कौशल्य बघणारी परीक्षा) म्हणजे काय, लॉगबुक (विद्यार्थ्याने केलेल्या कामांची नोंदवही) कसं भरून घ्यायचं, एटकॉम (वृत्ती, नैतिकता आणि संवाद) कसं शिकवायचं. चहा-समोसे, गटचर्चा, प्रमाणपत्र. भाषा कळते, हात बसत नाही. मी स्वतः परतल्यावर पहिली ओस्की लावली, तर रक्तदाबाच्या स्टेशनवर नुसत्या आकड्याला गुण ठेवले होते! एका मुलाने दंडाला बांधायचा पट्टा (कफ) चक्क स्वेटरवरूनच गुंडाळला, आकडा जवळपास बरोबर आला, आणि गुण द्यावे लागले. पायऱ्या लिहिलेली चेकलिस्ट हवी, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स साधारण वर्षाचा. आपल्याच विभागात शिक्षणाचा एक प्रकल्प करायचा आणि तो मार्गदर्शकांपुढे मांडायचा. चुका तिथेच सापडतात. हा कोर्स घेणारं आणंदजवळच्या करमसदचं केंद्र आपल्याला जवळ, हीही सोय. पण ओपीडी, परीक्षा, घर सांभाळून वर्ष काढायचं म्हणजे दमछाक.

तिला म्हटलं, आधी एक सत्र ओस्की लावून बघ. अडलीस की प्रकल्पाचा विषय आपोआप मिळेल, मग नाव घाल.