मेट्रन येतेय, सरळ झोपा!

मेट्रनचा, म्हणजे हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सच्या प्रमुख बाईंचा, राउंड असला की आमच्या वॉर्डात पहाटेपासून पळापळ. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले हवेत, उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे नको, लॉकरवर केळीची सालं दिसता कामा नयेत. एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत पंचवीस वर्षं मी हे केलं आणि शेवटची सहा वर्षं इन्चार्ज सिस्टर म्हणून करवून घेतलं. त्यामुळे ‘कॅरी ऑन नर्स’ या जुन्या ब्रिटिश विनोदी सिनेमात हॅटी जॅक्सची मेट्रन वॉर्डात शिरली तेव्हा मी सोफ्यावर बसल्याबसल्या पाठ ताठ केली. भाची खो खो हसली. ती इंग्लंडमध्ये लेस्टरला नर्स आहे. डीव्हीडी तिनेच आणलेली, “आत्या, तुझ्या काळातला सिनेमा आहे, बघ” म्हणून. सिनेमा १९५९चा. तेव्हा मी पाळण्यात होते, हे तिला सांगून टाकलं.

कॅरी ऑन मालिकेतला हा दुसरा सिनेमा, आणि त्या वर्षी ब्रिटनच्या थेटरांत सगळ्यात जास्त लोकांनी पाहिला तो हाच. दिग्दर्शक जेराल्ड थॉमस, निर्माते पीटर रॉजर्स. ब्लॅक अँड व्हाइट, दीड तासाच्या आत संपतो. गोष्ट म्हणाल तर जवळजवळ नाहीच. हेवन हॉस्पिटल, पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, समोरासमोर खाटांच्या दोन रांगा, पेशंट येतात आणि बरे होऊन जातात. सुरुवातीलाच अ‍ॅम्ब्युलन्स जिवाच्या आकांताने धावत येते, आत अपेंडिक्सचा पेशंट. आपल्याला वाटतं घाई त्याच्यासाठी. घाई असते घोड्यांच्या शर्यतीचा निकाल ऐकायची! इथेच मी पटकथा कोणी लिहिली ते विचारलं. नॉर्मन हडिस, आणि त्याची बायको नर्स होती. मग बरोबर. हे बाहेरून बघणाऱ्याला सुचणारं नव्हे.

वॉर्ड म्हणजे एक छोटं गाव असतं, ते इथे फार छान पकडलंय. चार्ल्स हॉट्री कानाला हेडफोन लावून रेडिओ ऐकतो आणि खाटेवरून हवेत हात फिरवत अख्ख्या वाद्यवृंदाला ताल देतो. असा एक तरी पेशंट प्रत्येक वॉर्डात असतोच, आमच्याकडे ट्रान्झिस्टरवाले आजोबा होते. केनेथ कॉनरचा बॉक्सर हात मोडून आलाय, पण नर्सपुढे कपडे काढायची वेळ आली की हा पैलवान नव्या नवरीसारखा लाजतो. केनेथ विल्यम्स पुस्तकात नाक खुपसलेला, सगळ्यांपेक्षा शहाणा. त्याचे उच्चार चटकन कळत नाहीत, म्हणून खाली इंग्रजी अक्षरं लावून बघा. वेगळ्या खोलीतला कर्नल दिवसभर घंटा वाजवून नर्सना पळवतो, आणि मिक नावाचा ऑर्डर्ली, म्हणजे आपला वॉर्डातला मामा, त्याच्या पैजा लावून देतो.

एक गोष्ट मला सारखी जाणवत होती. इतके पेशंट आले-गेले, पण बिलाची चिंता कोणाच्याच तोंडावर नाही. त्यांची सरकारी आरोग्यसेवा १९४८च्या जुलैत सुरू झाली, म्हणजे सिनेमाच्या वेळी जेमतेम दहा-अकरा वर्षांची. म्हणून ही माणसं इतकी निवांत भांडतात.

विद्यार्थिनी नर्स डॉसन म्हणजे जोन सिम्स. पोरगी जिथे जाईल तिथे काहीतरी पाडते नाहीतर स्वतः पडते. बाकीचे हसत होते, माझ्या पोटात गोळा. पहिल्या वर्षाला असताना मी काचेच्या सिरिंजा उकळायला ठेवून विसरले होते. पाणी आटलं, सहा सिरिंजा तडकल्या. डॉसन मान खाली घालून ऐकून घेते ना, अगदी तश्शीच मी उभी होते. आणि बोलणी खायची ती मेट्रनची नव्हे, सिस्टरची, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या मुख्य नर्सची! जोन हिक्सनची सिस्टर मला मेट्रनपेक्षाही ओळखीची वाटली. वरून मेट्रन, खालून पोरी, मध्ये ही. (हीच बाई पुढे बीबीसीवर मिस मार्पल झाली, अगाथा ख्रिस्तीच्या गोष्टींतली म्हातारी गुप्तहेर.) हॅटी जॅक्सला खरं तर फार काम नाही, पण ती दिसत नसतानाही वॉर्डावर तिचाच धाक असतो. पुढे आणखी तीन कॅरी ऑन सिनेमांत तिला मेट्रन केलं ते उगाच नाही.

सगळ्यात वेडा प्रसंग रात्रीचा. लेस्ली फिलिप्सच्या पायाच्या अंगठ्याजवळचं हाड वाढलंय. त्याला शनिवार-रविवार मैत्रिणीबरोबर फिरायला जायचंय आणि सर्दी झाली म्हणून ऑपरेशन पुढे ढकललेलं. मग शॅम्पेन पिऊन तर्र झालेले पेशंट ठरवतात, आपणच कापू! सर्जन कोण, तर पुस्तकी विल्यम्स. हॉट्रीला नर्सचा वेष. तेवढ्यात भुलीसाठी ठेवलेला हसवणारा वायू सुटतो आणि चाकू हातात घेऊन सगळे गडाबडा हसतात. मी डोळ्यांवर हात घेऊन बोटांच्या फटीतून बघत होते. रात्री ऑपरेशन थिएटर उघडं, गॅसचं सिलिंडर मोकळं, किल्ली कोणाकडे होती? आमच्याकडे असं झालं असतं तर चौकशी समिती बसली असती. हे मनात चालू असतानाच मलाही हसू आवरेना. भाचीने सिनेमा थांबवून पाणी आणून दिलं.

पत्रकार पेशंट आणि सुंदर नर्स डेंटन यांचं प्रेमप्रकरण मात्र पाणचट. शर्ली ईटन दिसते छान, पण तिला करायला काही दिलेलंच नाही. ते प्रसंग आले की चहा टाकून घ्या. पुरुषांची नर्सकडे बघायची नजरही त्या काळाचीच आहे. काही विनोदांवर मी हसले नाही, ड्युटीवर असते तर एकेकाला सुनावलं असतं.

पण शेवट नर्सचा आहे. कर्नलने इतके दिवस घंटा वाजवून छळलेलं असतं, त्याची परतफेड होते ती ताप बघायच्या निमित्ताने. थर्मामीटरच्या जागी डॅफोडिल, ते लांब देठाचं पिवळं फूल. तेवढ्यात मेट्रन येते. ती काय म्हणते ते सांगत नाही.

मी हसून हसून आडवी झाले. भाची मात्र नुसती बघत राहिली, तिच्या वॉर्डात ताप कानात यंत्र घालून मोजतात. “पण आत्या, फूल कुठे ठेवलं?” मग पेशंटला पालथं झोपवून मागून ताप बघायची पूर्वीची रीत तिला नीट समजावून सांगावी लागली. जावई उठून स्वयंपाकघरात निघून गेले.