भूतान की नेपाळ? बोगद्याच्या कामावर जाण्याआधी

माझं बालपण पोफळीच्या वीजघराजवळ गेलं. कोयनेच्या काळ्या पाषाणावर शिकलेल्याला हिमालयातला दगड फसवतो, हे आधीच सांगून ठेवतो. भूतान आणि नेपाळ, दोन्हीकडे काम केलंय. धरणात पैसा भारताचाच, पण तो येतो वेगळ्या वाटेनं, आणि साइटवरचे दिवस त्यावरच ठरतात.

भूतानात सरकार ते सरकार करार. 1020 मेगावॉटच्या ताला वीजप्रकल्पाला 60 टक्के अनुदान, 40 टक्के कर्ज. मांगदेछूला 30 आणि 70. प्रकल्प भूतानचाच, जादा वीज भारत घेतो. राहणं निवांत, गावकरी मायाळू. नेपाळात 900 मेगावॉटच्या अरुण-3 चं तसं नाही. एसजेव्हीएन ही भारतातली सरकारी कंपनी तो बांधणार, चालवणार, 21.9 टक्के वीज नेपाळला फुकट देणार, मुदत संपली की प्रकल्प त्यांच्या हवाली करणार. याच अरुण नदीवरच्या आधीच्या योजनेतून जागतिक बँकेनं 1995 मध्ये अंग काढून घेतलं होतं, त्यामुळे तिथली माणसं परक्याच्या शब्दावर लगेच विश्वास ठेवत नाहीत. त्यांचं मला पटतं.

माझा कौल ठरला तो एका मंजुरीमुळे. भूतानातलं एक काम, रात्रीचे दोन. फेसवर, म्हणजे बोगदा खोदत पुढे जातो त्या तोंडाशी, ओला काळपट फिलाइट दगड, नखानं पापुद्रा सुटेल असा. भूगर्भतज्ज्ञानं दगडाचा वर्ग उतरवला, म्हणजे छताला आधार देणाऱ्या पोलादी रिबा जवळजवळ लावायच्या. पण वाढीव रिबांचा कागद सल्लागाराच्या कार्यालयातून यायचा होता. तो आला चौथ्या दिवशी. तोवर छत खाली आलं होतं. कुणी सापडलं नाही, पण ढिगारा उपसण्यात तीन आठवडे गेले. त्या चार रात्री मी फेसवर जाऊन छताकडे बघत उभा राहायचो.

नेपाळात तसाच दगड लागला तेव्हा प्रकल्पप्रमुख गमबूट घालून आत आले आणि तिथेच सही केली. उशीर झाला तर व्याज त्यांच्याच कंपनीला भरावं लागणार होतं. एवढ्यावरून सगळ्या भूतानला नावं ठेवणार नाही. मांगदेछू 2019 मध्ये त्याच पद्धतीनं सुरू झालं. आणि नेपाळात पावसाळ्यात रस्ता तुटतो, मध्येच बंद पुकारला जातो, घरी यायला दोन-दोन दिवस लागतात.

तरी मला परत निवडायला लावलं, तर मी नेपाळचीच बॅग भरेन. तुम्ही कुठेही जा, मुलाखतीत एवढं नक्की विचारा: रात्री दगड बदलला, तर सही कोण करतं?